हरलेल्या संघाचं जेवण

दिवाळी उरकली की फोन सुरू होतात. पलीकडे बहुतेक विशी-पंचविशीतला मुलगा असतो, एखाद्या मंडळाचा नवा कार्याध्यक्ष. "दादा, यंदा आम्ही पण कबड्डीची स्पर्धा घ्यायची म्हणतोय. चांगली झाली पाहिजे. किती खर्च येईल?" आमच्या गावची स्पर्धा मी एकवीस वर्षं सांभाळतोय, म्हणून मला विचारतात. मी दर वेळी उलटा प्रश्न टाकतो, "संघ किती?" पलीकडे जरा शांतता. मग, "संघ काय, येतील तेवढे. बक्षीस मोठं ठेवलं की येतातच."

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच काढतो. पण खर्चाचं शेवटी. आधी संघांचं.

बाद पद्धतीने १६ संघ खेळवायचे तर १५ सामने होतात, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरतो. हे शाळेतलं गणित आहे. पण त्याच गणितात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. त्या १५ सामन्यांतले ८ पहिल्या फेरीचेच. म्हणजे निम्मे संघ तुमच्या गावात येणार, ४० मिनिटं खेळणार, हरणार आणि परत जाणार. तुमचं उद्घाटन, फटाके, झगमगता चषक, 'मालिकावीर'ची मोटरसायकल यांतलं त्यांच्या वाट्याला काहीच येणार नाही. त्यांना फक्त एवढंच आठवणार की सामना कितीला लावला होता आणि कितीला झाला, पंच कसे होते, आणि जेवण मिळालं का. पुढच्या वर्षी तुमच्याकडे १६ संघ यायचे की ९, हे हे आठ संघ ठरवतात. विजेता संघ काय, येणारच. तो बक्षिसाच्या मागे जातो.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. स्पर्धेच्या चौथ्या वर्षी आम्ही एका बड्या पाहुण्यांना उद्घाटनाला बोलावलं. पत्रकावर वेळ संध्याकाळी ६. पाहुणे साडेआठला आले. मग सत्कार, शाल, नारळ, भाषण, मंडळाच्या सगळ्या देणगीदारांचा नावानिशी उल्लेख, दोन्ही संघांशी हस्तांदोलन, फोटो. पहिली चढाई झाली तेव्हा नऊ वाजून गेले होते. डोंगराकडच्या एका वाडीचा संघ टेम्पोने आला होता. त्यांचा सामना सव्वासातचा. पोरं साडेपाचपासून बांधावर बसून होती, दोनदा अंग गरम करून पुन्हा थंडावली. ते मैदानात उतरले रात्री एकच्या पुढे. दोन गुणांनी हरले. मी गुणलेखकाच्या टेबलावरून उठून त्यांना म्हटलं, जेवून जा. त्यांचा कर्णधार म्हणाला, "जेवण संपलंय म्हणतात. आणि असतं तरी टेम्पोवाला थांबत नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पुढची दोन वर्षं त्या वाडीचा संघ आमच्याकडे आला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच: पहिला सामना ठरल्या वेळेला. पाहुणे आले नसतील तर गावातल्या सगळ्यांत वयस्क माजी खेळाडूच्या हातून नारळ वाढवायचा आणि शिट्टी. पाहुणे येतील तेव्हा दोन सामन्यांच्या मधल्या वेळात सत्कार. पहिल्या वर्षी एक पाहुणे रुसले. मग सगळ्यांना कळलं की इथे उशिरा गेलं की सामना चालू असतो, आणि चालू सामन्यात माइक मिळत नाही. आता वेळेवर येतात.

वेळापत्रक कसं लावायचं तेही सांगतो, कारण इथेच बहुतेक मंडळं फसतात. पुरुषांचा सामना २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं विश्रांती. झाली ४५ मिनिटं. नवीन मुलं ४५ मिनिटांना एक सामना असं कागदावर मांडतात आणि पाच तासांत सहा सामने बसवतात. अरे, प्रत्येक संघाला प्रत्येक डावात अर्ध्या मिनिटाचे दोन टाइमआउट आहेत. कुणाचा तरी घोटा मुरगळतो. सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच चढाया द्याव्या लागतात, त्यातही बरोबरी झाली तर सुवर्ण चढाई, म्हणजे निकाल लावणारी एकच चढाई. वजनकाट्यावर कुणीतरी ८५ किलोच्या मर्यादेवरून हुज्जत घालतो. वर मैदानावर पाणी मारायचं, फक्कीच्या रेषा पुन्हा ओढायच्या. मी एका सामन्याला सव्वा तास धरतो. शेजारी-शेजारी दोन मैदानं. पहिल्या रात्री ६, सव्वासात, साडेआठ आणि पावणेदहा. आठ सामने, अकराच्या आत सगळं आवरतं. दुसऱ्या रात्री चार उपउपांत्य, तिसऱ्या रात्री उपांत्य आणि अंतिम. दहानंतर लाउडस्पीकर बंद, तो कायदाच आहे. शेवटच्या सामन्यांना समालोचन नसतं. खरं सांगू? मला ते सामने जास्त आवडतात. चढाईपटूचा दम ऐकू येतो.

दोन मैदानं शेजारी घेताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. एका मैदानावरची शिट्टी दुसऱ्या मैदानावर ऐकू जाते आणि तिथली पकड सुटते. आम्ही एकदा या पायी अर्धा तास भांडण ऐकलंय. आता दोन मैदानांच्या पंचांना वेगवेगळ्या आवाजाच्या शिट्ट्या देतो आणि मध्ये प्रेक्षक बसवतो.

लॉट्स मात्र सगळ्यांसमोर. चिठ्ठ्या स्टीलच्या कळशीत, आणि यजमान संघाची चिठ्ठी पाहुण्या संघाच्या कर्णधाराने काढायची. आमचा स्वतःचा संघ चांगला आहे, त्यामुळे "आपल्याला जरा सोपा गट" असं दरवर्षी कुणीतरी कानाशी पुटपुटतं. त्याला मी कळशी धरायला लावतो. कोण कोणाशी खेळणार ते चिठ्ठीने ठरतं, पण कोणता सामना कितीला, ते आम्ही ठरवतो: लांबून येणाऱ्यांचा सामना आधी, जवळच्यांचा शेवटी. जवळचा संघ शेवटी असला की गर्दीही शेवटपर्यंत थांबते, असा दुहेरी फायदा.

मैदान भातकापणीनंतरच्या शेतात. धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, माती चाळून खडे वेचायचे, मग पाणी आणि रोलर, असं आठ दिवस. आखणी १३ बाय १० मीटर. नुसत्या चार बाजू मोजून थांबू नका, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर भरले पाहिजेत. आम्ही एका वर्षी बांधाच्या अंदाजाने रेषा मारल्या आणि एका प्रशिक्षकांनी पावलांनी मोजून दाखवलं की एका कोपऱ्यातली लॉबी, म्हणजे कडेची पट्टी, दुसऱ्यापेक्षा वीतभर रुंद आहे. भर गर्दीत. महिलांचं मैदान १२ बाय ८, डाव १५ मिनिटांचे; ती आखणी आदल्या दिवशीच वेगळी करून ठेवा.

आता मॅटचं. २०१४ ला प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या पोरांनी धोशा लावला, आपल्याकडे पण मॅट. भाड्याने आणली. निळी-पिवळी, दिव्यांत काय दिसायची! साडेदहापर्यंत सगळं झकास. मग दव पडायला लागलं. कोकणातली जानेवारीची रात्र, उघडं शिवार. मातीवर दव पडलं तर माती पिते. मॅट पीत नाही. डुबकी मारायला वाकलेला पोरगा सरळ घसरत लॉबीबाहेर. प्रत्येक डावानंतर सहा जण टॉवेल घेऊन मॅट पुसतायत आणि तोवर दुसरं टोक ओलं. शिवाय मॅटवर बूट लागतात. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या वाड्यांतल्या पोरांकडे बूट कुठले? बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचे बूट घालताना मी पाहिलंय, एक माप मोठे, पुढे कागद कोंबून. पुढच्या वर्षी आम्ही मातीवर परत आलो. ज्यांच्याकडे छताखालचं सभागृह आहे त्यांनी खुशाल मॅट घ्यावी, पुढे खेळायचं तर मुलांना ती हवीच. उघड्यावर रात्री नको.

पंचांविषयी फार लिहीत नाही. जिल्हा संघटनेची मान्यता घेतली की पंच मिळतात. एका सामन्याला एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहाय्यक. दोन मैदानांना बारा, आणि दोघं-तिघं बदलीला, कारण सलग चार सामने उभा राहिलेला माणूस चौथ्यात चुकतो. त्यांची बसायची जागा प्रेक्षकांपासून लांब आणि त्यांचा चहा वेळेवर. गंमत म्हणजे आमच्या गावचे सरपंच दरवर्षी मैदानावरच्या सरपंचांशी ओळख करून घेतात आणि दरवर्षी तोच विनोद करतात. आम्ही दरवर्षी हसतो. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागतो ना.

गॅलरी बांधू नका. २०२१ च्या मार्चमध्ये तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय कुमार गटाच्या कबड्डी स्पर्धेत तात्पुरती गॅलरी कोसळली, शंभरावर माणसं जखमी झाली. ती राष्ट्रीय स्पर्धा होती. आपले बांबू कोण तपासणार? आमच्याकडे बांध आहेत, भाताच्या पेंढ्यावर ताडपत्र्या टाकतो, मागे खुर्च्या. १०८ ला आधी कळवून ठेवायचं, बर्फाची पेटी गुणलेखकाच्या टेबलाखाली, आणि गाडी बाहेर निघेल एवढा रस्ता मोकळा. त्या रस्त्यावर एक माणूस उभा करा, नाहीतर तिथे सगळ्यांत आधी देणगीदाराचीच गाडी लागते.

मुलींचे संघ बोलवणार असाल तर शाळेच्या दोन खोल्या, कडी लागणारी दारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि किल्ली मंडळातल्या बाईंच्या हातात. हे नसेल तर बोलावू नका. आणि जेवण कुठे ठेवलंय ते स्वतः जाऊन बघा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उत्तर प्रदेशात सहारनपूरला मुलींच्या कबड्डी स्पर्धेत शिजवलेला भात स्वच्छतागृहात ठेवलेला सगळ्या देशाने व्हिडिओत पाहिला. तिथेही कुणीतरी म्हणालंच असेल की जेवणाचं मी बघतो.

जेवणाचं आमच्याकडे आता असं आहे. १६ संघ, प्रत्येकी १२ खेळाडू आणि सोबत दोघं, म्हणजे पहिल्या रात्री २२४ पानं. पंच आणि कार्यकर्ते वेगळे. भात, आमटी, एक भाजी, आणि शिरा. सामना संपला की हरलेल्या संघाला मंडळाचा एक माणूस थेट पंगतीला नेतो. जिंकलेला संघ फोटो काढून मागून येतो. ज्याला थांबायचं नाही त्याचे डबे बांधून टेम्पोत. हे काम मी नव्या मुलाला देत नाही. हरलेल्या संघाशी काय बोलायचं, आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, हे कळायला स्वतः दोन-चार वेळा हरलेला माणूस लागतो. आमच्याकडे तशी बरीच मंडळी आहेत.

खर्च. विचारला होतात ना? वहीत चार मोठी खाती: मैदान आणि दिवे, पंचांचं मानधन, जेवण, बक्षिसं. याच क्रमाने लिहा आणि वर्गणी कमी पडली तर खालून कापा. पण पत्रक छापायच्या आधी. जाहीर केलेलं बक्षीस कमी केलंत तर तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आकडा मी सांगणार नाही, तुमच्याकडे शेत कुणाचं आहे आणि जनरेटर कुणाचा, यावर तो निम्मा होतो नाहीतर दुप्पट. हिशेब मात्र स्पर्धेनंतर आठ दिवसांत देवळाच्या भिंतीवर.

आणि सुरुवात दिवाळीनंतर करू नका. आमची पहिली बैठक १५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, कबड्डी दिनाला असते. बाहेर पाऊस, निम्मी माणसं लावणीवरून चिखलाच्या पायांनी आलेली. त्या दिवशी फक्त तारीख ठरते, म्हणजे शेजारच्या मंडळाशी टक्कर होत नाही.

त्या डोंगराकडच्या वाडीचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः वाडीवर गेलो, लेखी वेळ देऊन आलो. ते आले, खेळले, पुन्हा पहिल्याच फेरीत हरले, आणि जेवून साडेनऊला निघाले. तेव्हापासून येतायत. तो जुना कर्णधार आता त्यांचा प्रशिक्षक आहे. गेल्या जानेवारीत लॉट्स पडल्यावर त्याचा फोन आला.

"दादा, आमची मॅच कितीला?"

"सव्वासातला."

"सव्वासात म्हणजे तुमचं सव्वासात की घड्याळातलं?"

"घड्याळातलं. वजन सातला आहे, पावणेसातला पोचा."

"आणि शिरा आहे ना?"