आमची वाटचाल : फ्लेक्सच्या जोडीला निळी छपाई

छत्रपती संभाजीनगरात आमचा धंदा फ्लेक्स आणि हँडबिलांवर उभा राहिला. दुकानाचं भाडं आजही त्यातूनच निघतं. सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारी निळी छपाई, सुरू केली ती हिमरू-पैठणीवाल्यांसाठी. त्यांना टॅग, कापडी पिशव्या, कॅटलॉगचं मुखपृष्ठ हवं असतं, आणि ते शेजारच्या दुकानासारखं दिसून चालत नाही.

पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची, १८४२ची. इंजिनिअर लोकांचे जुने निळे नकाशे निघायचे ते हिच्यावरच. हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलित. दोन्ही काळपट बाटल्यांत वेगळी ठेवायची आणि लागेल तेवढंच समसमान मिसळायचं. मंद पिवळ्या दिव्याखाली सुती कागदावर ब्रशनं लावून अंधारात खडखडीत वाळवायचं. वर फिल्मवर काढलेली निगेटिव्ह, काच, की लावा उन्हात. ऊन आपल्याकडे फुकट आहे. गडद भाग करडा-कांस्य दिसू लागला की फ्रेम उचलायची आणि कागद पाण्यात धुवायचा.

खरी डोकेदुखी पाण्याची. बोअरचं पाणी जड, अल्कधर्मी. हा निळा रंग अल्कली सोसत नाही, धुता धुताच फिका पडतो. म्हणून पहिल्या पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड) चिमूटभर. खडू मिसळलेला कागदही याच कारणानं बाद. पिशवीवर तर आम्ही छापूनच देतो : साबण, सोडा लावू नये. लावला की निळ्याचा पिवळट डाग होतो.

मे महिन्यात मिश्रण ब्रशखालीच वाळतं, पट्टे उठतात. लेप सकाळी लवकर. पावसाळ्यात उलटं, दमट कागद निगेटिव्हला चिकटतो नि दोन्ही वाया जातात. मध्ये पातळ पॉलिस्टर फिल्म घालतो.

सराफांना व्हॅनडाइक, म्हणजे अशीच उन्हातली पण तपकिरी छपाई, आवडते. त्यात सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे महाग, आणि हातमोजे नसतील तर बोटं काळी. द्रावण डिस्टिल्ड पाण्यातच करावं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडनं ते दुधी होतं.

मोठ्या ऑर्डरला मूळ प्रिंट एकच, बाकी स्कॅन करून ऑफसेटवर. तिथे मॅजेंटाचं (गुलाबी शाईचं) प्रमाण सायनच्या (निळ्या शाईच्या) जवळ गेलं की निळ्याचा जांभळा होतो. मॅजेंटा बराच खाली ओढून प्रूफ काढतो, ते मूळ प्रिंटशेजारी दिवसाउजेडात दाखवतो आणि गिऱ्हाइकाची सही झाल्यावरच प्लेट काढतो.