जांभळ्या झाकणाची नळी

चाळीसगावजवळच्या शेततळ्यात जाळं ओढलं आणि त्यात फ्लॅपशेल, म्हणजे मागचे पाय झडपांखाली झाकणारं कासव आलं, वजन 640 ग्रॅम. आम्हाला त्याच्या रक्तातला परजीवी शोधायचा होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मधला हा प्राणी, त्यामुळे परवाना हातात असल्याशिवाय सुई काढायचीच नाही. जाळंवाले दादा म्हणाले, "भाऊ, याले जळवा लागेल शेतस." मागच्या पायांवरच्या झडपा उचलल्या, आत सात जळवा!

दादांनी तंबाखूची पुडी काढली होती, त्यांना थांबवलं. तंबाखू किंवा मीठ लागलं की जळू पोटातलं रक्त ओकते आणि आम्हाला ते तिच्या पोटातच हवं होतं. नख सरकवून आधी तोंडाकडचा, मग मागचा चूषक (चिकटून राहायचा अवयव) सोडवला. थेट 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकली तर जळू आकसून गोळा होते, मग ओळख पटवणं अवघड. म्हणून चार जळवा थोड्या पाण्यात ठेवून अल्कोहोल थेंबाथेंबाने वाढवलं. टोचूनही हलेनात तेव्हा दोन काचपट्ट्यांत सपाट करून फॉर्मलिनमध्ये टाकल्या. उरलेल्या तीन थेट 95 टक्क्यांत. त्या डीएनएसाठी, आकसल्या तरी बिघडत नाही.

मग रक्त. हेमोग्रेगॅरिना हा परजीवी जळूतून कासवात येतो. मानेच्या वर, कवचाच्या कडेखालून सुई घातली. या वजनाला 3 मिलीपर्यंत चालतं, आम्हाला अर्धा मिली पुरे. पहिल्यांदा पातळ, गुलाबी आलं, म्हणजे लसीका (शरीरातला रंगहीन द्रव) मिसळलेली. ते टाकून पुन्हा घेतलं.

चूक पुढे झाली. पेटीत जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळ्या होत्या. माणसाच्या रक्ताला त्याच वापरतात, म्हणून कुणी दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. कासवाच्या तांबड्या पेशी ईडीटीएत फुटतात. जळगावला पोचेपर्यंत नळीत नुसतं लाल सरबत. हवी होती हिरव्या झाकणाची, हेपरिनची; तेही रक्त गोठू देत नाही.

वाचवलं ते सुईतल्या ताज्या थेंबाने तळ्याकाठीच रक्ताचा पातळ थर ओढलेल्या तीन काचपट्ट्यांनी. एक जिम्सा रंगात बुडवताना बोअरचं पाणी वापरलं गेलं; आपल्याकडचं जड, अल्कधर्मी पाणी, सगळं निळंजांभळं झालं, केंद्रक कुठे आणि परजीवी कुठे कळेना. बाकी दोन मिथेनॉलमध्ये 3 मिनिटं, मग 7.2 पीएचच्या बफरमधल्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या पाण्यातल्या) 10 टक्के जिम्सात अर्धा तास.

शंभरपटीच्या भिंगाखाली तेल टाकून पाहिलं. कासवाच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतंच; इथे काही पेशींत ते एका कडेला ढकललेलं आणि शेजारी केळीसारखा वाकडा, फिकट निळा जीव पसरलेला.

कासव तोवर तळ्यात परत गेलं होतं.