रिट्झमधली शिट्टी

जुनं थेटर बंद पडलं की त्या जागी मंगल कार्यालय होतं, कॉम्प्लेक्स होतं, नाहीतर कुलूप गंजत राहतं आणि भिंतीतून पिंपळ डोकावतो. बेळगावच्या कोनवाळ गल्लीतल्या रिट्झचं नशीब वेगळं निघालं. तिथं आता लोकमान्य रंगमंदिर आहे. मला तर हा जुना हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो.

कारण आपल्याकडं आधी नाटकच होतं. मराठी संगीत नाटक 1880 साली उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. पुढं 1929 ला शेजारच्या कोल्हापुरात प्रभात निघाली, 1932 ला त्यांचा मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. गावोगावच्या नाट्यगृहांत पडदे लागले. जिथं नटाची तान वन्समोअर घ्यायची, तिथं मशीन घरघरायला लागलं.

ते मशीन म्हणजे काय प्रकार होता, हे आता मोबाइलवर पिच्चर बघणाऱ्यांना सांगून पटत नाही. बल्ब नव्हे, दोन कार्बनच्या कांड्या. त्यांच्यामध्ये ठिणगी पेटायची आणि त्या उजेडावर नायिका दिसायची. कांड्या जळून आखूड व्हायच्या, म्हणून ऑपरेटरनं त्या सतत जवळ सारत राहायच्या. त्याचं लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून आरोळी, "ए ऑपरेटर, झोपलास काय गा!" मागोमाग तोच प्रश्न कानडीतून. सेकंदाला 24 चित्रं, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत खलास. तीन तासांचा पिच्चर म्हणजे सोळा हजार फुटांच्या वर फिल्म, जवळजवळ पाच किलोमीटर. थेटराच्या दारातून उलगडत नेली तर उद्यमबागेच्या आसपास पोचेल! एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकायचा. तो ऑपरेटरला इशारा, दुसरं मशीन सुरू करण्याचा. आम्ही पोरं गोष्ट सोडून ठिपकाच शोधत बसायचो.

चित्रा, प्रकाश, अरुण, कॅम्पातलं ग्लोब... एकेका थेटराचा आपला आपला प्रेक्षक. 1956 नंतर हे शहर भाषेवरून किती भांडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. थेटरात मात्र भांडण दराचं. स्टॉलवाले बाल्कनीवाल्यांना शिव्या द्यायचे, त्यांची मातृभाषा कुठली ते न विचारता. मराठी, कानडी, हिंदी, लागेल तो पिच्चर बघायचा. राजकुमारांचे कानडी पिच्चर अख्खे पाहिलेले, पण कानडी वाचता न येणारे मराठी लोक माझ्याच गल्लीत होते.

आता रिट्झमध्ये पुण्या-मुंबईची नाटकं येतात. लोक शहाण्यासारखे बसतात, मोबाइल बंद करण्याची सूचना ऐकतात, टाळ्याही बेतानं वाजवतात. हे सगळं बरोबरच, पण जरा सोवळंच म्हणायचं. मागं एका नाटकात नायकाच्या एंट्रीला पाठीमागून कोणीतरी कडक शिट्टी घातली. अर्धं सभागृह वळून बघू लागलं. मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला, स्टॉलमधलाच कोणीतरी. मध्यंतरात शोधायला गेलो, तर गडी बटाटेवड्याच्या रांगेत सगळ्यात पुढं, सुट्ट्या पैशांवरून कानडीत हुज्जत घालत होता.