घाट सेक्शन: बँकर लागला, आता कॅच सायडिंग

माझ्या भोर घाटाच्या रेल्वे मॉडेलवर पळसदरी ते मंकी हिल हा तुकडा रूळ टाकून झाला आणि मागून बँकर (चढावर ढकलणारं जादा इंजिन) लावलेली आठ डब्यांची गाडी न घसरता वर जायला लागली. कर्जत-लोणावळा अंतर २८ किलोमीटर. १:८७ मध्ये, म्हणजे एचओ स्केलला, ते हुबेहूब करायचं तर ३२२ मीटर लांब खोली हवी. त्यामुळे ठाकूरवाडी आणि मंकी हिल नीट केलीत, जांबरुंग आणि नागनाथ बोगद्यात गडप. घाटाचं मॉडेल करणाऱ्याला बोगद्यासारखा तारणहार नाही: गाडी आत शिरली की मधले पाच किलोमीटर कुठे गेले ते कुणी विचारत नाही.

चढ मात्र खराच ठेवलाय. ३७ला १, म्हणजे ३७० सेंटिमीटर धावलं की १० सेंटिमीटर वर. मॉडेलवाले सहसा दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका म्हणतात, हा २.७ टक्के आहे आणि वळणावर डब्यांची चाकं रुळाला घासतात ते वेगळंच. सपाटीवर आठ डबे सहज ओढणारं इंजिन ठाकूरवाडीच्या वळणावर जागेवरच चाकं फिरवत बसतं. मला ही गोष्ट फार आवडली. बँकर शोभेसाठी लावलेला नाही, तो काढला तर गाडी खरंच चढत नाही.

बँकर म्हणून कल्याण शेडची डब्ल्यूएजी-७ (मालगाडीचं विजेचं इंजिन) आहे. बॉडी थ्रीडी प्रिंटेड, खाली परदेशी सहा अ‍ॅक्सलची चासी. (ब्रॉडगेजच्या रुळांमधलं १६७६ मिलिमीटर अंतर या स्केलला १९.२६ येतं आणि आपण सगळे १६.५ वर गाड्या चालवतो, हे मला ठाऊक आहे. त्यावरून पुन्हा भांडण नको.) पुढचं आणि मागचं इंजिन एकाच कन्सिस्टमध्ये (एका कंट्रोलवर चालणाऱ्या जोडीत) टाकून भागत नाही, दोघांचा वेग जुळवावा लागतो. आधी दोन्हींचे सीव्ही (इंजिनातल्या डिकोडरची सेटिंग्ज) ३ आणि ४, म्हणजे वेग हळूहळू वाढण्या-घटण्याचे, शून्य केले, मग एका मोकळ्या गोलावर दोघांना थोडं अंतर ठेवून सोडलं आणि सीव्ही २, ६, ५ या क्रमाने सर्वांत कमी, मधला आणि सर्वाधिक वेग जुळवला. शेवटी बँकर मुद्दाम किंचित मंद ठेवला. मागचं इंजिन जोरात असलं की वळणावर मधला डबा बाहेर फेकला जातो. मंद असलं की सपाटीवर तो नुसता मागून येतो आणि चढावर शेवटचे डबे रेलले की आपोआप भार घेतो. बॅक-ईएमएफ (भार बदलला तरी वेग कायम ठेवणारी सोय) दोन्हींचं बंद केलंय. चालू असलं की दोन इंजिनं एकमेकांशी मस्ती करतात.

तरीही हलके डबे उचलले जात होते. डब्याच्या वजनाचा एनएमआरएचा (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) हिशोब असा: एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. एलएचबी (नव्या बांधणीचा) डबा एचओमध्ये २७ सेंटिमीटर, म्हणजे वजन साधारण १८० ग्रॅम हवं. विकत घेतलेले डबे याच्या आसपासही नव्हते. कारच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात त्या चिकट पट्ट्या टायरवाल्याकडे मिळतात, त्या बोगींच्या मधोमध फरशीला चिकटवल्या. त्यानंतर मधला डबा जागचा हलला नाही.

संध्याकाळी कर्जतला उभं राहून डेक्कन क्वीनला बँकर लागताना बघणं हा माझा अभ्यास, असं घरी सांगतो. वडापावची पिशवी हातात असते हे खरं, पण नजर मागच्या कपलरवर. बँकर पाच-सहा मीटरवर येऊन थांबतो, माणूस कपलर बघतो, हात करतो, मग इंजिन रांगत पुढे येतं. ते रांगणं मॉडेलमध्ये आणायचं तर सीव्ही २ वर तास घालवावा लागतो. डेक्कन क्वीन २०२२च्या जूनपासून एलएचबी झाली, पण १९३० पासून चालत आलेली डायनिंग कार तिने सोडली नाही, म्हणून माझ्याही रेकमध्ये (डब्यांच्या संचात) ती आहेच. कसारा घाटात मध्य रेल्वेची राजधानी २०१९ पासून दोन्ही टोकांना इंजिन लावून जाते, बँकर जोडा-काढायचा वेळ वाचतो. प्रवाशांचं भलंच आहे. पण सगळ्या गाड्या तशा झाल्या तर आपण कर्जतला कशाला जायचं?

चढ जमला, आता उतार. खऱ्या घाटात खाली येणाऱ्या गाडीसाठी मंकी हिल, नागनाथ आणि ठाकूरवाडीला कॅच सायडिंग आहेत. पॉइंट (रूळ बदलायचा सांधा) एरवी त्या चढत्या सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी सिग्नलला पूर्ण उभी राहिली, म्हणजे ब्रेक धरतायत हे सिद्ध झालं, की मगच मेन लाइन मिळते. ब्रेक गेलेली गाडी आपोआप डोंगरावर चढून थांबावी, अशी ती सोय. हे नसेल तर माझ्या लेखी तो भोर घाटच नाही, नुसता हिरवा डोंगर झाला.

मॉडेलमध्ये मंकी हिलला दोन आयआर (अवरक्त) सेन्सर, एक अर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि पॉइंटखाली एसजी-९० सर्व्हो (छोटी मोटर) आहे. पहिला सेन्सर झाकला की घड्याळ सुरू. वीस सेकंद तो झाकलेलाच राहिला आणि दुसरा उघडा असेल, तरच सर्व्हो फिरतो. दुसऱ्यावर आधीच सावली पडली तर पॉइंट हलत नाही, गाडी सायडिंगला. कागदावर चोख. पण दोन डब्यांमधली फट नेमकी सेन्सरवर आली की त्याला वाटतं गाडी गेली, घड्याळ पुन्हा शून्यावर. सेन्सर रुळाला तिरका बसवून पाहणार आहे, म्हणजे फटीतून सरळ उजेड जाणार नाही. एसजी-९० उभा असताना गुरगुरतो, तेही आहेच. पॉइंट लागला की त्याचा सिग्नल तोडायचा.

डोंगराचं थोडक्यात. परदेशी साच्यातले खडक सह्याद्रीला चालत नाहीत. आपला बेसाल्ट आडव्या थरांत, पायऱ्यापायऱ्यांचा, मध्येच लाल मातकट पट्टा. एक्सपीएस (फोमच्या) शीट आडव्या कापून रचल्या, वर मेडिकलमधलं प्लास्टर बँडेज. पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही, हेअर ड्रायर घरातून उचलावा लागतो आणि परतही करावा लागतो.

पुढे ओएचईचे (वरच्या विजेच्या तारांचे) खांब. कालखंड २५ केव्हीचा आहे, त्यामुळे १५०० व्होल्ट डीसीच्या काळातला ‘खेकडा’ (जुनं विजेचं इंजिन) चालवायचा मोह आवरलाय, निदान पाहुणे असताना. ७६२ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर एलएचबी रेक ओढणाऱ्या इंजिनाचा पँटोग्राफ (छतावरची वीज घेणारी चौकट) तारेला धरून ठेवणारं खांबांचं अंतर कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर आकडा कळवा, नाहीतर मी २५ सेंटिमीटरने सुरू करतोय.