वारीत भार सोडायचा तो असा

'देवावर भार टाका' म्हणणं सोपं. आळंदी ते पंढरपूरच्या वाटेवर ते अंगवळणी पडतं. दिंडीची भिशी (म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी) भरली, वळकटी ट्रकमध्ये गेली की जेवण, मुक्काम, निघायची वेळ, काहीच आपल्या हातात उरत नाही. नवखे इथेच फसतात: 'लागलं तर' म्हणून पाठीवर आठ-दहा किलो घेतात, कोऱ्या चपला घालतात आणि पुणे-सासवडच्या लांबलचक टप्प्यात, दिवे घाटात बसकण मारतात. खांद्याला पाणी, रोजची औषधं, प्लॅस्टिकचा कागद पुरे. (घराचे हप्ते मात्र आधी भरून या, ते विठ्ठल भरत नाही.) एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असलं तर मुक्कामावरच्या सामूहिक 'समाज आरती'ला, सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड (काठी) उंचावल्यावर बाकी सगळे गप्प झाले तरी त्या दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार ऐकून घेतात, निवाडा करतात. तो मानायचा आणि झोपायचं.