वाचून दाखवा, मग सही करतो

माझा आतेभाऊ अमेरिकेत व्हरमाँटला नॉर्विच युनिव्हर्सिटीत शिकतो. हे मिलिटरी कॉलेज आहे, १८१९ ला सुरू झालेलं, आणि तिथं तो डिग्री कसली करतोय तर क्रिमिनल जस्टिस. हे कळल्यावर आमच्या बाबांचा पहिला प्रश्न, "फौजेत जायचं तर बंदूक शिकायची, हे चोर-पोलिसाचं काय शिकूलालाय तो?"

बाबांचं चुकलं नाही म्हणा. आमचं गाव उचगावच्या अलीकडं, घरटी एक फौजी, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून बेळगावात. आमच्याकडं वर्दी म्हणजे भरती, पहाटे पाचला रोडवर पळणारी पोरं, छाती, उंची, मेडिकल, झालं. वर्दी घालायच्या आधी चार वर्षं बसून कायदा नि समाज शिकायचा हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि मला वाटतं ते यायला पाहिजे, म्हणूनच लिहायला बसले.

भाऊ सांगतो ते असं. पहिल्या वर्षाच्या कॅडेटला तिथं रूक म्हणतात. पहाटे उठा, पीटी, बूट चकाचक, खोलीची तपासणी, सीनियर सांगेल ते मुकाट करा. आणि तासाभरानं तोच पोरगा वर्गात बसतो तेव्हा सर विचारतात, पोलिसानं या माणसाला थांबवलं ते कुठल्या अधिकारानं? झडती घेतली ती कुठल्या कारणानं? पोलिस, कोर्ट, जेल या तिन्हींचा अभ्यास, वर क्रिमिनॉलॉजी, म्हणजे माणूस गुन्हा का करतो त्याचं शास्त्र. आणि शिकून फौजेतच गेलं पाहिजे असं काही नाही, आरओटीसीचा, म्हणजे कॉलेजातनंच फौजी अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाचा, करार केला असेल तर जायचं, नाहीतर पोलिसात जा, वकिली शिक, काहीही कर. मला हे फार आवडलं, की हुकूम पाळायची सवय आणि हुकूम कायद्यात बसतो का हे विचारायची सवय, दोन्ही एकाच पोराला एकाच दिवशी लावतात.

मी इथं लॉच्या तिसऱ्या वर्षाला, त्यामुळं आमचं व्हिडिओ कॉलवर हेच चालतं. मागं एकदा त्यानं पाकिटातनं एक छोटं कार्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. मिरांडा कार्ड. १९६६ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की ताब्यातल्या माणसाची चौकशी करायच्या आधी पोलिसानं त्याला सांगायचं, तुला गप्प राहायचा हक्क आहे, वकील मागायचा हक्क आहे, पैसे नसतील तर सरकार वकील देईल. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. "ताई, समोरच्याला कळलंच नाही तर सांगून काय उपयोग," एवढंच तो बोलला आणि मला बाबांची गाडी आठवली.

दोन वर्षांपूर्वी बाबांची मोटारसायकल चोरीला गेली, भर बाजारातनं. बाबा पोलिस स्टेशनला गेले, तिथल्या माणसानं नीट बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून कन्नडमध्ये लिहून घेतलं, खाली बोट दाखवलं आणि बाबांनी सही केली. बाबांना कन्नड बोललेलं थोडंफार कळतं, वाचता अजिबात येत नाही. चार महिन्यांनी इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम अडवला तेव्हा मी एफआयआरची कॉपी मैत्रिणीकडनं वाचून घेतली, तर त्यात लिहिलेलं की चावी गाडीलाच होती. चावी बाबांच्या खिशात होती! अजून आमच्या शोकेसमध्ये आहे ती, पितळी बिल्ल्याची. मी बाबांना विचारलं, सही कशी केली? "साहेबानं सांगितलं म्हणून केली." चोवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, सांगितलं की करायचं हे अंगात मुरलेलं. मला रागही आला आणि पोटात कालवलंही.

आणि कायदा बघा काय सांगतो. नवीन नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून आली, तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर फिर्यादीला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची आणि कॉपी फुकट द्यायची. जुन्या कायद्यात कलम १५४, तिथंही हेच. भाषेचं म्हणाल तर १९६२ मध्येच आपल्या सुप्रीम कोर्टानं हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये एका स्थानबद्ध माणसाला सोडलं, कारण त्याला पकडल्याची कारणं इंग्रजीत दिलेली आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं तोंडी समजावलं होतं, पण कोर्ट म्हणालं तेवढं पुरत नाही.

हे मी सीमावादात ओढत नाहीय. कन्नड माणूस कोल्हापुरात अडकला तर त्याच्यापुढं मराठी कागद येणार, त्याचंही हेच होणार. आपल्या सहीच्या वर काय लिहिलंय ते माणसाला कळलं पाहिजे, बस.

म्हणून गावातल्या भरतीच्या पोरांना सांगते, पळा, जरूर पळा, पण बारावीनंतर क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक याकडंही बघा. धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत हे शिकवतात, राष्ट्रीय फॉरेन्सिक युनिव्हर्सिटीचा कॅम्पसही तिथंच आहे, बेळगावातनं दीड-दोन तास. उद्या पोलिस ठाण्यातल्या खुर्चीत तुमच्यातलंच कोणीतरी बसणार आहे आणि समोर कुणाचा तरी बाप.

आता मी आणि भाऊ मिळून एक कार्ड करतोय, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या, आणि फिर्याद देणाऱ्यासाठी सगळ्यात वर, "वाचून दाखवा, मग सही करतो." ही ओळ बाबांनी सांगितली. मराठी बाजू झाली, कन्नड बाजूला मी अडकलेय, कारण मला पुस्तकी कन्नड नकोय, आपल्या बाजारात बोलतात तसं पाहिजे. कुणाला चांगलं येत असेल तर सांगा, रविवारी वाचनालयात बसून लिहून काढू.