बोट दाखवता न येणारे शब्द

ओळखीतलं कुणी मेक्सिकोला निघालं की माझा फोन वाजतो. चाकणहून पुएब्लाला जाणारे बरेच. इथेही गाड्यांचे कारखाने, तिथेही. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुएब्लात तीन वर्षं काढली आहेत, त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो: "स्पॅनिशचे आधी कुठले शब्द पाठ करू? टोमॅटो, पाणी, डॉक्टर?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, टोमॅटो राहू द्या. टोमॅटोकडे बोट दाखवता येतं. 'चा', 'ला', 'साठी', 'की' यांच्याकडे बोट कसं दाखवणार? गाडं अडतं ते तिथे. स्पेनच्या भाषा अकादमीने कोट्यवधी शब्द मोजून वापराची यादी केली. तिच्यात पहिल्या दहांत एकही नाम नाही की क्रियापद नाही: दे, ला, के, एल, एन, ई, आ, लोस, से, देल. दर शंभर शब्दांत सहाएक वेळा तर नुसता 'दे' येतो.

'दे' म्हणजे आपला चा-ची-चे, आणि वेळप्रसंगी 'हून'. फक्त आपण शेपूट लावतो, ते शेंडी लावतात. पेद्रोचं घर म्हणजे 'कासा दे पेद्रो'. आठवडाभर डोकं उलटं टांगल्यासारखं होतं, मग जमतं.

खायला बाहेर पडलात की दोन शब्द खिशात हवेतच: 'कोन' म्हणजे सह आणि 'सिन' म्हणजे बिन. बिन-सिन, यमकच आहे. 'काफे सिन आसुकार', बिनसाखरेची कॉफी. पुएब्लात 'सेमिता' नावाचा तीळ लावलेला गोल पाव मिळतो. आत तळलेलं मांस, चीज, अवोकाडो आणि पापालो नावाचा उग्र वासाचा पाला. मी शाकाहारी. पहिल्याच आठवड्यात ऐटीत 'सिन कार्ने' म्हणाले, बिनमांसाची. चावा घेतला तर आत हॅमचा काप. गाडीवाल्याला दाखवला, तर तो बिचारा गोंधळला. त्याच्या लेखी हॅम म्हणजे हॅम, मांस वेगळं. तेव्हापासून मी मंत्र म्हणावा तसं म्हणायचे: सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन. मांस नको, कोंबडी नको, हॅम नको. शब्द चार, त्यातला कामाचा 'सिन'.

आता माझं खरं सांगणं. स्पॅनिश शिकताना इंग्रजीला मध्ये घेऊ नका. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं आणि ॲप इंग्रजीतून शिकवतात आणि सरळ वाट वाकडी करून ठेवतात. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य समजावताना आमच्या वर्गातल्या बाईंनी फळाभर बाण काढले. शेजारी बसलेली कॅनडाची मुलगी रडकुंडीला आली. मला कळेना, यात अवघड ते काय? 'मे' म्हणजे मला. मला कॉफी आवडते. 'ते' म्हणजे तुला, 'ले' म्हणजे त्याला किंवा तिला. झालं.

तसंच 'आ'चं. मी घर बघते: 'वेओ ला कासा'. मी मारियाला बघते: 'वेओ आ मारिया'. घराला 'ला' लागत नाही, माणसाला लागतो. इंग्रजीत असलं काही नाही. पाळलेल्या कुत्र्यालाही हा 'आ' मिळतो, हे मला फार आवडलं. फसगत एवढीच की स्पॅनिशमध्ये 'ला' नावाचा शब्दही आहे आणि तो स्त्रीलिंगी नामाआधी येतो. त्यांचा 'ला' आपला नव्हे. आपला 'ला' म्हणजे त्यांचा 'आ'. 'के' मात्र बहुतेकदा आपला 'की'च: 'दिसे के नो व्येने', म्हणतो की येत नाही.

सगळ्यात जास्त मला छळलं 'या'नं. मंडईत भाजीवाली पिशवीत लिंबं भरता भरता मान वर करून म्हणाली, "या?" माझा कान मराठी. मी पुढे सरकले. ती पुन्हा, "या?" मी टोपल्यांना वळसा घालून थेट तिच्या बाजूला जाऊन उभी. ती विचारत होती, "झालं? एवढंच?" नंतर कळलं की हा 'या' म्हणजे आपला 'च' आणि 'झालं' यांचं मिश्रण. 'या वोय' म्हणजे आलेच. 'या नो' म्हणजे आता नको. नुसतं 'या!' म्हणजे पुरे, बस्स. यादीत तो पहिल्या दहांत नाही, पण मंडईत दर मिनिटाला कानावर पडतो.

राहिले 'पोर' आणि 'पारा'. 'पारा' सोपा, म्हणजे साठी. ठेल्यावर पार्सल हवं तर 'पारा येवार', नेण्यासाठी. 'पोर'मध्ये मात्र मुळे, बद्दल, वरून, शिवाय 'वीस पेसोंना घेतलं' यातला 'ना', असं सगळं कोंबलेलं आहे. मी शेवटपर्यंत चुकत होते. पुएब्ला सोडताना शेजारच्या आजींना मिठी मारून म्हणाले, "ग्रासियास पारा तोदो." डोळे पुसत पुसत त्या म्हणाल्या, "पोर तोदो, मिहा, पोर." मिहा म्हणजे पोरी. जिना उतरताना लक्षात आलं की आईसारखं 'सगळ्याबद्दल आभार' असं मनात म्हटलं असतं तर चुकले नसते. मी 'सगळ्यासाठी धन्यवाद' म्हणाले होते.